मातीच्या पोटातलं घर बांधायचंय? आधी चाकाची वाट काढा, मग पाण्याची, खोल्या नंतर

आमचं घर जोतिबाच्या वाटेला डोंगराच्या अंगाला आहे, तीन बाजूंनी मातीत आणि एका बाजूनं उघडं, वर गवत. जो येतो तो पहिल्यांदा हेच विचारतो की अगं, आई व्हीलचेअरवर आणि तू तिला तळघरात ठेवलीस व्हय? मग मी त्यांना फाटकापासून घरात चालत यायला सांगते आणि विचारते, किती पायऱ्या उतरलात? एकही नाही. मी गेली बरीच वर्षं आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायचं काम करते, तरी स्वतःचं घर काढताना ज्या चुका केल्या त्या लिहून ठेवल्या तर पुढच्या माणसाचे पैसे वाचतील, म्हणून हे लिहायला बसले. (लेखात पायऱ्या भरपूर आहेत, घरात कमी ठेवा.)

पायरी ०: आधी अनुभव घ्या

पैसे खर्च करण्याआधी एकदा मे महिन्यात दुपारी पन्हाळ्यावर जा आणि अंधारबावेत उतरून दहा मिनिटं उभे राहा. बाहेर डोकं तापलेलं असतं आणि आत गार. मग तिथंच जुलैमध्ये परत जा आणि नाकानं वास घ्या. हे दोन्ही अनुभव तुमच्या घरात येणार आहेत, पहिला फुकट मिळतो, दुसरा घालवायला पैसे पडतात.

नेटवर फोटो बघून लोक भुलतात, ट्युनिशियातलं मातमाता, चीनमधली याओदोंग घरं, ऑस्ट्रेलियातलं कूबर पेडी. सुंदर आहेत, वादच नाही, पण ती सगळी कमी पावसाची ठिकाणं आहेत. जमिनीत चौकोनी खड्डा, मध्ये चौक आणि चौकाच्या चारी भिंतींत खोल्या, हे आपल्याकडं केलं तर जून संपेपर्यंत त्या चौकाची विहीर होते. आपल्याकडचा धडा हवा असेल तर सांगलीशेजारच्या हरिपूरला विचारा, हळद साठवायची जमिनीतली पेवं तिथं पिढ्यानपिढ्या होती, कोरडी ठणठणीत, आणि २००५ च्या महापुरानं त्यातली कितीतरी निकामी झाली. पेव चांगलंच होतं, पाणी तिथवर पोचलं एवढंच.

म्हणून कोल्हापूर भागात नवख्या माणसानं एकच प्रकार करावा असं माझं मत आहे: उताराच्या जमिनीत आडवं घुसायचं, एक लांब बाजू पूर्ण उघडी, आणि घराची जमीन अंगणाच्या पातळीला. खाली उतरायचंच नाही, सरळ आत जायचं. यात व्हीलचेअर सपाट आत येते आणि पाणी सपाट बाहेर जातं, दोन्ही प्रश्न निम्मे तिथंच सुटतात.

पायरी १: जागा

इथं घाई केली तर पुढचं सगळं वाया.

पंचगंगेच्या काठची जमीन कितीही स्वस्त मिळू दे, नको. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतल्या पुराची, हे पाटबंधारे खात्याच्या नकाशावर बघायचं आणि लाल रेषेच्याही बाहेर, वर, लांब जायचं. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका हे आपल्याकडं शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं, पण प्लॉट बघायला जाताना कसं कोण जाणे सगळेच विसरतात. २०१९ आणि २०२१ ला त्या गावात कुठवर पाणी आलं होतं ते तिथल्या चहाच्या टपरीवर विचारा, भिंतीवर हात ठेवून दाखवतात.

दुसरं म्हणजे माती. काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि भेगा पडतात. तुमची भिंत त्या ढकलाढकलीत वर्षानुवर्षं उभी राहणार, म्हणून काळी माती नको. मुरूम बरा, त्याखाली मांजऱ्या, म्हणजे मऊ खडक, लागला तर अजून बरं. जांभा चांगला पण त्यातून पाणी झिरपतं, त्यामुळं पाण्याची सोय जास्त करावी लागते. कळायचं कसं? जेसीबी बोलवून दहा-बारा फुटांचा खड्डा मारा, आणि हा खड्डा मे महिन्यात मारू नका. मे महिन्यात सगळीच जमीन साधू असते. ऑगस्टमध्ये मारा, दोन दिवस ठेवा, पाणी साठतं का, कुठल्या थरातून येतं, किती उंचीवर थांबतं ते बघा. आमच्या खड्ड्यात वरची दोन फूट माती, मग मुरूम आणि नऊ फुटांवर मांजऱ्या, आणि मुरूम-मांजऱ्याच्या सांध्यातून बारीक धार येत होती. त्या धारेनंच पुढं आमचा सगळा ड्रेनेज ठरवला. शेजाऱ्याच्या विहिरीचं पावसाळ्यातलं पाणी किती वर येतं हेही विचारून ठेवा.

तिसरं, डोंगर हलतो का. तीव्र उतार, झाडं वाकडी वाढलेली, जुने खचलेले कडे, वरच्या बाजूला कुणी सपाटीकरणासाठी डोंगर कापलेला, असं काही दिसलं तर पैसे परत घ्या आणि घरी या. २०१४ चं माळीण आणि २०२३ ची इर्शाळवाडी आठवा. आपल्याच पन्हाळ्याचा रस्ता २०२१ च्या जुलैत खचला होता. पाचात एक म्हणजे पाच फूट पुढं गेलं की एक फूट चढ, एवढा उतार मला सोयीचा वाटतो, आमचा तेवढाच आहे. यापेक्षा जास्त असेल तर जिओटेक्निकल माणसाला, म्हणजे जमीन तपासणाऱ्या इंजिनिअरला, बोलवल्याशिवाय फावडंही मारू नका.

चौथं, तोंड. आपल्याकडं पाऊस नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून झोडपतो, त्यामुळं उघडी बाजू पश्चिमेला असेल तर चार महिने दारं बंद करून बसायचं. पूर्वेकडं उतरणारा प्लॉट सगळ्यात छान, उत्तरेचाही चालतो. दक्षिणेचाही चालतो बरं का, कोल्हापूर साधारण १६.७ अंश अक्षांशावर आहे, डिसेंबरात दुपारचा सूर्य पन्नासेक अंशांवर येतो आणि आत ऊन देतो, आणि मेच्या पहिल्या आठवड्यात तो बरोबर डोक्यावर येऊन मग ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारी उत्तरेकडं असतो, म्हणजे तीन फुटांचं छज्जं दक्षिणेच्या खिडकीला उन्हाळाभर पुरतं. पण दक्षिणमुखी घर म्हटलं की आमचे काका उठून उभे राहतात. सूर्याशी भांडता येतं, काकांशी नाही.

पायरी २: परवानगी

थोडक्यात सांगते. महाराष्ट्रात २०२० पासून युनिफाइड डीसीपीआर, म्हणजे बांधकामाची एकत्रित नियमावली, लागू आहे आणि बेसमेंटमध्ये राहत्या खोल्या सहसा चालत नाहीत. त्यामुळं ‘अंडरग्राउंड घर’ असं म्हणत टेबलासमोर जाऊ नका, लगेच बेसमेंटचा कॉलम उघडतात. एनए (बिगरशेती) झालेली जागा, लायसन्सवाला आर्किटेक्ट, आणि सेक्शनच्या (उभ्या छेदाच्या) ड्रॉइंगमध्ये ठळक दाखवायचं की घराची पुढची बाजू अंगणाच्या पातळीला उघडी आहे, प्रत्येक राहत्या खोलीला उजेड-हवा अमुक ठिकाणाहून येते. आम्हाला एका ऑफिसात तीन महिने फिरवलं, कारण समोरच्या माणसानं असलं ड्रॉइंग आधी बघितलंच नव्हतं. शेवटी मी घरातल्या पुठ्ठ्याचं मॉडेल करून घेऊन गेले, वरचं गवत म्हणून हिरवा पायपुसणा चिकटवला होता. काम झालं.

पायरी ३: प्लॅन नको, आधी सेक्शन

नवखी माणसं, आणि खरं सांगायचं तर बरेच जुने पण, आधी खोल्या मांडतात. इकडं हॉल, इकडं किचन, मास्टर बेडरूम मोठी. असल्या घरात आधी उभा छेद काढायचा: डोंगराची तिरकी रेघ मारा, त्यावर एका रंगानं चाकाची वाट आणि दुसऱ्या रंगानं पाण्याची वाट. या दोन रेघा जमल्या की खोल्या आपोआप बसतात. नाही जमल्या तर कितीही भारी एलेव्हेशन करा, घर चालणार नाही.

आमचं घर स्प्लिट लेव्हल आहे, म्हणजे आतली जमीन टप्प्याटप्प्यानं चढत जाते. ते कशाला? कारण जमीन चढती आहे. सगळं घर एकाच पातळीवर धरलं तर मागं खूप खोल कापावं लागतं, खोल कापलं की भिंत उंच, भिंत उंच की मातीचा दाब जास्त, सळई जास्त, पैसे जास्त. मागची जमीन थोडी उचलली की खोदाई वाचते. शिवाय यात उजेडाचा एक मोठा फायदा आहे, त्यावर पुढं येते.

पण नेहमीच्या बंगल्यातल्यासारखं चार-चार फुटांचं अर्धं लेव्हल इथं करू नका. हिशोब बघा. रॅम्पचा उतार जास्तीत जास्त १:१२, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. चार फूट चढायचं तर ४८ फूट, आणि साधारण अडीच फूट (७५० मिमी) चढ झाला की मध्ये पाच फुटांचा सपाट टप्पा पाहिजेच, म्हणजे ५३ फूट. एवढा रॅम्प घरात मावणार कुठं? दीड फुटाचा फरक ठेवला तर १८ फूट रॅम्प, मध्ये टप्पा नको, वर-खाली पाच-पाच फूट मोकळी जागा सोडली की झालं. म्हणून दीड फूट. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा.

आमच्या घराच्या पातळ्या अशा:

शून्य पातळी, अंगणाला सपाट: सोपा, बसायची जागा, स्वयंपाकघर, आईची खोली, तिचं बाथरूम.

अधिक दीड फूट: माझी खोली, पुस्तकं-कामाची जागा, देवघर. इथवर १८ फुटांचा रॅम्प.

अधिक तीन फूट, एका कोपऱ्यात: दादाच्या पोरांची खोली आणि अडगळ. मधल्या पातळीवरून तीन पायऱ्या, पण शेजारी रॅम्पला पुरेल एवढी भिंत मोकळी ठेवलीय, उद्या लागलाच तर.

नियम एकच पाळला, माणसाला जगायला जे जे लागतं ते सगळं शून्य पातळीवर. जेवण, झोप, संडास, अंगण, दाराची बेल. रॅम्प बंद पडत नाही, पण ताप आलेल्या माणसाला १८ फूटसुद्धा लांब असतात. देवघर वरच्या पातळीवर ठेवलं ही माझी चूक, आई रोज सकाळी रॅम्प चढून जाते आणि म्हणते जोतिबाचा डोंगर चढले.

होम लिफ्ट लावू का असं बरेच जण विचारतात. लावा, पण लिफ्टच्या खालचा छोटा खड्डासुद्धा मातीच्या घरात पाणी धरू शकतो, आणि लाइट गेली की लिफ्ट नाही. लिफ्टवर अवलंबून प्लॅन काढू नका.

पायरी ४: चाकाचे आकडे

इमारतीत अपंगांनाही वावरता यावं यासाठी केंद्र सरकारची २०२१ ची हार्मनाइज्ड गाइडलाइन्स आहेत, ती आर्किटेक्टला वाचायला लावा. माझ्या वहीतले कामाचे आकडे: दाराची मोकळी रुंदी ९०० मिमी (चौकट धरून नव्हे, मोकळी), व्हीलचेअर वळायला १५०० मिमीचा गोल, रॅम्पची रुंदी १२०० मिमी, दोन्ही बाजूंना कठडा आणि त्याला हात धरायला दोन उंचीवर पाइप, ७६० आणि ९०० मिमी. कमोडची सीट ४५० ते ४८० मिमी. बटणं १२०० मिमीच्या वर नकोत.

फरशीबद्दल कुणी नीट सांगत नाही. रॅम्पला आणि बाथरूमला चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल म्हणजे हाडवैद्याची सोय. आम्ही रॅम्पला खरबरीत शहाबादी वापरली, पण सांधे एकदम बारीक ठेवून, नाहीतर चाक दर फुटाला टक-टक करतं आणि सांधेदुखीच्या माणसाला तेही लागतं.

आणि उंबरा. यावर आमच्या घरी आठवडाभर बोलणी चालली. माझ्या ड्रॉइंगमध्ये उंबरा नव्हताच, फरशी आतून बाहेर सलग. मिस्त्री म्हणाले, “आक्का, उंबरा न्हाई तर घराला घरपण कसलं? हळदीकुंकू कुठं लावायचं?” आई माझ्याकडं बघायला लागली. आता उंबऱ्याला १२ मिमीपेक्षा जास्त उंची दिली की चाक अडकतं. शेवटी मिस्त्रींनीच तोड काढली, दाराच्या रेघेत सागवानी लाकडाची पट्टी फरशीत पुरून फरशीच्या बरोबर पातळीला घासली, दोन्ही टोकांना पितळेचं फूल. दिसतो उंबरा, पूजाही होते, चाक वरून जातं. मग पाणी आत येईल की? त्यासाठी दाराच्या बाहेर रुंदीभर लोखंडी जाळीची अरुंद चर आहे, तिच्या भेगा चाकाच्या आडव्या ठेवा, चाकाच्या दिशेनं ठेवल्या तर पुढचं छोटं चाक त्यात जातं. आमची जाळी पहिल्यांदा उलटी बसली होती.

बाथरूमला पण तसंच, कट्टा नाही, सगळी फरशी एका कोपऱ्याकडं ढाळ देऊन. यासाठी तिथला स्लॅब किंवा भराव आधीच खाली धरावा लागतो, नंतर सुचलं तर उपयोग नाही.

पायरी ५: वजन

वर माती टाकायची म्हणजे काय ते कळलं पाहिजे. भिजलेल्या मातीचं वजन घनफुटाला ५५ किलोच्या आसपास. दीड फूट माती, हजार चौरस फूट छत, म्हणजे ८२ टन, उसानं भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या छतावर ओळीनं उभ्या केल्यासारखं आणि त्या कायम तिथंच राहणार. साध्या गच्चीला जो लोड धरतात त्याच्या पाच-सहा पट. भिंतीलाही मागून माती ढकलते आणि पाणी साठलं तर तेही, तीन मीटर खोल पाणी तळाशी चौरस मीटरला तीन टन ढकलतं. त्यामुळं विटेची किंवा दगडाची भिंत बांधून बाहेरून माती टाका असं सांगणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. आरसीसी भिंत, स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीचं डिझाइन, आणि भूकंपाचा लोड धरलेला, कोयनेचा १९६७ चा धक्का आपल्या भागानं विसरायचा नाही.

खर्च? साध्या घराच्या दीडपट धरूनच चाला. कमी गेला तर देवाला नारळ.

पायरी ६: पाणी, पाणी, पाणी

घराची खरी परीक्षा इथं. क्रम लक्षात ठेवा: पाणी घराकडं येऊच नये, आलं तर भिंतीजवळ थांबू नये, थांबलं तरी आत येऊ नये.

येऊ नये म्हणून घराच्या वरच्या अंगाला डोंगरावर अर्धचंद्रासारखी चर काढायची, शेतात बांधाला काढतो तशीच, दोन्ही बाजूंनी घराला वळसा घालून खाली सोडायची. सगळ्यात स्वस्त काम आणि सगळ्यात जास्त उपयोगाचं.

थांबू नये म्हणून भिंतीच्या मागं लगेच माती नाही टाकायची. आधी ड्रेन बोर्ड (पाणी खाली उतरवणारी खाचांची शीट), मग धुतलेली खडी, तळाशी फुटिंगच्या (पायाच्या) बाजूला भोकं पाडलेला सहा इंची पाइप, जिओटेक्स्टाइल कापडात गुंडाळलेला, शंभर फुटांना एक फूट ढाळ देऊन, आणि त्याचं तोंड खाली उताराला उघड्यावर काढायचं. पंपावर सोडू नका. ज्या रात्री मुसळधार पाऊस असतो त्याच रात्री लाइट जाते.

आत येऊ नये म्हणून वॉटरप्रूफिंग, आणि ते बाहेरून, मातीच्या बाजूनं, आतून लावायचं नाही. आतून लावलं तर पाणी त्याला मागून ढकलून फुगवटे काढतं. जिथं काँक्रिट आज थांबलं आणि उद्या परत सुरू झालं त्या सांध्यात वॉटरस्टॉप पट्टी घालायलाच लावा आणि घालताना स्वतः उभे राहा. वरच्या स्लॅबला मातीखालीही ढाळ पाहिजे, पन्नास फुटांना एक फूट. माती टाकण्याआधी स्लॅबवर पाणी कोंडून तीन दिवस ठेवा आणि खालून टॉर्च घेऊन बघा. माती पडल्यावर गळती शोधणं म्हणजे गवतात सुई, आणि गवत तुम्हीच लावलेलं.

आता आमची फजिती. वॉटरप्रूफिंगवाल्यानं भिंती झकास केल्या, टेस्ट पास, मी खूश. पहिल्या जुलैत एका संध्याकाळी मधल्या खोलीतल्या स्विचबोर्डच्या खाली भाकरीएवढी ओल दिसली. बोटानं दाबली तर रंग सोलून हातात आला, मेन बंद करून बोर्ड उघडला तर वायरच्या पाइपमधून पाणी ठिबकतंय. छतावरच्या बागेतल्या दिव्यासाठी इलेक्ट्रिशियननं वरून एक पाऊण इंची कंड्यूट खाली आणला होता, त्याच्याभोवती कुणी सील केलं नव्हतं, आणि पाइप आतल्या बाजूला उतरता. एवढी मोठी भिंत कोरडी आणि एका पाइपनं घर भिजवलं. तेव्हापासून माझा नियम, मातीच्या बाजूनं एकही पाइप घरात येणार नाही, सगळ्या वायरी, नळ, डिशची केबल, सगळं उघड्या बाजूनं. अगदीच लागलं तर स्लीव्ह टाकून, बाहेरच्या बाजूला उतार देऊन.

छतावर गवत, तुळस, अबोली, गवती चहा, असलं उथळ मुळांचं लावा. पिंपळ-वड-उंबर आपोआप उगवतात, पक्षी आणतात, आणि पिंपळ उपटायला माळी तयार होत नाही. दोन पानांचा असताना उचलून कुंडीत लावा आणि कुणाच्या तरी शेताच्या बांधावर नेऊन द्या, सगळ्यांच्याच जीवाला शांतता.

पायरी ७: गारवा, ओल आणि चपला

मातीत घर गार का राहतं? दिवस-रात्रीचा फरक वरच्या फूट-दीड फुटातच विरून जातो, आणि जसजसं खोल जावं तसतसं तापमान वर्षाच्या सरासरीजवळ येतं, शिवाय उशिरा, मे महिन्याची उष्णता दहा फुटांवर पोचेपर्यंत दोन-तीन महिने जातात. आमच्याकडं एसी नाही, मे महिन्यात पंखा दोनवर.

पण कोल्हापूरचा खरा त्रास उन्हाळा नाही, पावसाळ्यातली दमट हवा आहे. बाहेर २७ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर २४ अंशांच्या आसपास गार असलेल्या कुठल्याही भिंतीवर दव धरतं. लोक समजतात गळती झाली, वॉटरप्रूफिंगवाल्याशी भांडतात, आणि खरं तर भिंतीला घाम आलेला असतो. ओळखायचं कसं? प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारी बाजूंनी टेप लावून भिंतीला चिकटवा, दोन दिवसांनी पाणी प्लास्टिकच्या मागं असेल तर भिंतीतून येतंय, पुढं असेल तर हवेतून.

मला हे कळलं चपलांवरून. माझी कोल्हापुरी चप्पल मागच्या भिंतीला लागून रॅकमध्ये ठेवलेली, गणपतीला काढली तर दोन्ही अंगठ्यांवर पांढरी लव, पोरं म्हणाली आत्या, चपलेला मिशी आली. आता कुठलंही कपाट मातीकडच्या भिंतीपासून चार इंच पुढं, मागं हवा खेळली पाहिजे. छतावर आणि भिंतीच्या वरच्या पाच-सहा फुटांना बाहेरून दोन इंची एक्सपीएस शीट, म्हणजे उष्णता अडवणारा कडक फोम, लावली. आतून प्लास्टिक पेंट नाही, चुन्याचा गिलावा. आणि जुलै-ऑगस्टमध्ये एक डीह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढणारं मशीन) मागच्या खोलीत, त्याचं पाणी आपोआप मोरीत जाईल असं ठेवा, नाहीतर रोज बादली कोण ओतणार. विजेच्या बचतीत हे मशीन खड्डा पाडतं हे कबूल, पण पुस्तकं वाचतात.

पायरी ८: उजेड आणि वारा

खिडकीच्या वरच्या कडेची उंची जेवढी, त्याच्या दोन ते अडीच पट आतपर्यंत उजेड पोचतो, म्हणजे आठ फुटांची खिडकी वीस फुटांच्या आतच संपली. मागं काय करायचं? इथं स्प्लिट लेव्हल कामाला येतं. पुढच्या स्लॅबच्या वरपासून मागच्या स्लॅबच्या खालपर्यंत साडेतीन फूट अंतर ठेवलं, त्यातले दीड फूट पुढच्या छतावरची माती, अर्धा फूट पाणी न येण्यासाठी कडं, आणि उरलेल्या दीड फुटात घराच्या रुंदीभर झडपी खिडक्या, तोंड पूर्वेला. सकाळी सात वाजता ऊन रॅम्पवर पडतं. गरम हवा त्याच खिडक्यांतून वर निघून जाते आणि पुढच्या दारातून ताजी आत येते. या खिडक्या उघडायला दोरी-कप्पी लावा आणि दोरी व्हीलचेअरवरून हात पोचेल इतकी खाली आणा. आमची स्टुलावर चढून उघडायची होती, पहिले सहा महिने.

जमिनीत पाइप पुरून हवा गार करायची आयडिया व्हिडिओत लई दिसते. आपल्या दमट हवेत त्या पाइपात पाणी आणि बुरशी धरते, नवख्यानं त्याच्या नादी लागू नये.

सोलर लावा, पण त्याचे पाय मातीतून स्लॅबमध्ये ठोकू नका, वॉटरप्रूफिंगला भोकं पडतात. आम्ही गाडीच्या शेडवर तीन किलोवॅट लावलं, रोज सरासरी बाराएक युनिट येतात, २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० सबसिडी आहे.

पायरी ९: जिवाशी खेळ नको

गॅस. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली बसतो, आणि पातळ्या असलेल्या घरात तो पाण्यासारखा सगळ्यात खालच्या पातळीवर जमतो, जिथं आमच्यासारख्या घरात म्हातारं माणूस झोपलेलं असतं. म्हणून स्वयंपाकघर उघड्या बाजूलाच, सिलिंडर बाहेर जाळीच्या कपाटात, ओट्याखाली जमिनीलगत बाहेर उघडणारी जाळी, आणि गॅस अलार्म जमिनीपासून वीतभर उंचीवर. वर छताला लावलेला अलार्म या गॅसला काय कामाचा नाही. शक्य असेल तर सरळ इंडक्शन घ्या.

बाहेर पडायला दोन वाटा, दोन्ही चाकाच्या. आमच्या मधल्या पातळीवरून बाजूला दुसरं दार आहे, तिथून १:२० च्या उतारानं तीस फुटांची वाट अंगणात उतरते. धुराचे अलार्म प्रत्येक पातळीवर, आणि रात्री लाइट गेली तर रॅम्पच्या कडेला आपोआप लागणारे छोटे दिवे. मागच्या खोलीत मोबाइलला रेंज येत नाही, वायफायवरून कॉल लागेल अशी सोय आणि आईच्या पलंगाजवळ एक साधी बेल, ही दोन्ही कामं गृहप्रवेशाच्या आधी करा.

पायरी १०: मृगाच्या आधी

दरवर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात माझी यादी ठरलेली. वरची चर साफ, छतावरची रोपटी बघून उपट, झडपांचे रबर बघ, दारासमोरची जाळी उचलून माती काढ. आणि ड्रेनेज पाइपचं खालचं तोंड. तिथं बारीक जाळी बसवलेली आहे, तरी गेल्या वर्षी पाणी येईना म्हणून वाकून बघितलं तर आत एक गलेलठ्ठ बेडूक ऐसपैस बसलेला, जाळीतून लहानपणी गेला असणार आणि आत मोठा झाला. जाळी काढून त्याला बाहेर काढला, मागून काळपट पाणी भसकन आलं, माझी चप्पल घेऊन गेलं.